पावलेली ओळ

बाळांच्या काचपेटीच्या प्रोग्राममध्ये दोन भाग: एक बाप, एक त्यानं कामाला धाडलेलं पोर. पोर ताप मोजायचं, खोट्या टर्मिनलवर, म्हणजे दोघांमधल्या निरोपाच्या खिडकीत, लिहून निघून जायचं. ताप जास्त असला की बाप ते वाचून घंटा वाजवायचा. पण चाचणीत कधीकधी ताप असूनही घंटा वाजतच नसे, आणि पेट्या उद्या दवाखान्यात जाणार होत्या. प्रोग्रामरबाईनं कारण शोधायला बापाकडून स्क्रीनवर ‘ऐकतोय’ छापून घेणारी एक ओळ घातली, तर बिघाडच गायब! जेवणाच्या सुट्टीत अख्खं ऑफिस स्क्रीनसमोर हात जोडून उभं. “ओळ पावलीये गं, हात लावू नकोस,” साहेब म्हणाले. “कशी पावली ते कळल्याशिवाय नमस्कार करणार नाही,” म्हणत तिनं ओळ खोडली. घंटा पुन्हा मुकी. मग दिसलं: पोर जाताच बाप त्या खिडकीचं दार लावायचा, पोराचं शेवटचं वाक्य आतच राहायचं. ‘ऐकतोय’ छापताना बाप निमिषभर रेंगाळायचा, तेवढ्यात ते पोचायचं. “आधी ऐक, मग दार लाव,” तिनं बापाला शिकवलं. घंटा वाजली. दरवेळी वाजली. जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी स्क्रीनसमोरून हलेना.