दगडमातीची खोली

घरभरणीला आलेल्या क्लासच्या सरांना दामिनी लातूरचं नवं घर फिरवून दाखवत होती. शेवटची खोली तिची लाडकी. दगडमातीच्या जाड भिंती, वर जुन्या सागवानाच्या तुळया, तुळयांवर पुन्हा मातीच. "सिमेंट नाही, एसी नाही. सगळं पर्यावरणपूरक!"

सासूबाई उमाबाई मात्र खोलीसमोरच्या अंगणातच होत्या. चार पत्रे ठोकून तिथं त्यांनी आपली बाज टाकली होती.

"आई, आज तरी हे पत्रे काढू द्या. फोटोत किती भकास दिसतात! ही खोली तुमच्यासाठीच केलीय, अगदी तुमच्या गावच्या घरासारखी."

"पत्र्याला हात तर लावून बघ!"

"आई, पाहुण्यांसमोर तमाशा नको," दामिनीचा नवरा शिवांश दबक्या आवाजात उमाबाईंना म्हणाला.

दामिनीनं हसून वेळ मारून नेली. "आईंचं निम्मं आयुष्य मातीच्या घरात गेलंय, सर. आई, तुम्हीच सांगा ना, ते किती गार असतं!"

उमाबाई ताडकन उठल्या. उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या, आत पाऊल टाकलं नाही.

"सांगते की! ह्यो शिवांश भूकंपानंतरचा, त्याला काय ठाऊक? त्या रातीपासून दुसऱ्या दिवशी ऊन कलेपर्यंत मी असल्याच दगडमातीखाली गाडलेली व्हते. ह्या हातात थोरलीचा हात, ह्या हातात धाकटीचा. लई गार असतं, सर."