दोरीखालची जागा

चाकू लावला तरी दोरी तुटेना. सैन्यात जायला घर सोडताना आईनं ती त्याच्या गळ्यात बांधली होती, वळलेल्या मुठीसारखा घडवलेला पितळेचा इवलासा ताईत ओवून.

रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवर पहारा जोडीनं असायचा. त्याचे जोडीदार एकामागून एक बाण लागून मेले, त्याला ओरखडाही नाही. सैनिक म्हणू लागले, "याचा ताईत शेजाऱ्याचं आयुष्य खातो." तेव्हापासून पहारा एकट्यानं, जेवण एकट्यानं.

शेवटी दोरी तुटली. ताईत नदीत फेकून, उघडा गळा दाखवत तो शेकोटीपाशी गेला.

"टाकला रे बाबांनो! आता तरी जागा द्या."

म्हातारा प्रिस्कस त्याच्या गळ्याकडे बघतच राहिला. "खुळ्या, खरंच टाकलास?" त्यानं स्वतःच्या गळ्यातला ताईत घट्ट धरला. "आता पुढचा बाण तुलाच शोधत येणार. तुझ्या शेजारी कोण मरायला बसेल?"

सगळे सरकले. जागा झाली, चांगली ऐसपैस.

तो बसला. भाकरी मोडता मोडता हात आपसूक गळ्याशी गेला. तिथं दोरीखालचा पट्टा तेवढा उन्हापासून वाचला होता, लहान मुलाच्या कातडीसारखा मऊ.