पंधरा हजार चारशे किलोमीटर

रक्ताच्या नात्यापुढे अंतर म्हणजे काहीच नाही, असं निवृत्त भूगोल शिक्षक दोब्रिवोये ठामपणे सांगत आणि लगेच ते अंतर सांगत. बेलग्रेड ते मेलबर्न, पंधरा हजार चारशे किलोमीटर. हवेत एकोणीस तास, शिवाय मध्ये आखातात तीन तास बसून राहायचं ते वेगळं.

हा हिशेब दर एकोणीस डिसेंबरला निघे. त्या दिवशी सर्बियातल्या निश शहरात त्यांच्या घरी कुलसंताचा सण. मेणबत्ती, तळलेला मासा आणि दिवसभर उघडं दार. या सणाला कुणालाही बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असेल तो आपणहून येतो.

मेलबर्नला गेलेला धाकटा भाऊ झिवोयिन अकरा वर्षांत आला नव्हता.

"एक फोन करा की," बायको देसांका म्हणे. "नुसतं 'ये' म्हणा."

"सणाला बोलावणं धाडू? आमच्या घराण्यात कुणी धाडलंय?"

"वडिलांना माती दिली त्या दिवशी सख्ख्या भावाला 'पाहुण्यासारखा आलास, पाहुण्यासारखा जा' असं तरी तुमच्या घराण्यात कुणी म्हटलं होतं?"

यावर मास्तर मासा छान झालाय म्हणत.

"तो काही रागावलेला नाही," थोड्या वेळाने ते म्हणत. "त्याला लांब पडतं. नकाशा बघ जरा."

नातेवाइकांनी झिवोयिनचं नाव काढलं की मास्तर उठून बागेत जात. पुढे पुढे ते नाव कुणी काढेनासं झालं.

यंदा डॉक्टरांनी मास्तरांना त्यांच्याच हृदयाचं चित्र दाखवलं आणि लांबचे प्रवास टाळा म्हणून बजावलं. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. माफी समोर बसून मागायची, फोनवर नाही. आणि कळवायचं तर मुळीच नाही.

"निदान आहे का घरी, ते तरी विचारा," देसांका बॅग भरताना म्हणाली.

"विचारून जातो तो पाहुणा कसला?"

तिने सासऱ्यांनी लावलेल्या झाडाचे किलोभर अक्रोड बॅगेत कोंबले. मेलबर्नच्या कस्टम अधिकाऱ्याने अक्रोड ठेवून घेतले आणि मास्तरांना सोडलं.

जुन्या पाकिटावरचा पत्ता टॅक्सीवाल्याला सापडला. दार झिवोयिनच्या बायकोने, ल्युबित्साने, उघडलं.

"दादा? तुम्ही? इथे?"

"कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून आलो," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी विमानात पाठ केलं होतं. "कुठाय तो? म्हणावं, मोठा भाऊ चुकला. स्वतः सांगायला आलाय."

ल्युबित्साने त्यांना बसवलं. रीतीप्रमाणे चमचाभर मुरांबा आणि पाणी पुढे ठेवलं.

"आमचं मोडलं, दादा. सहा वर्षं झाली. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

"नाही कळलं. मग राहतो कुठे तो?"

ती उगाच चमचा पुसत राहिली.

"तेव्हाच परत गेला. बेलग्रेडला असतो. दर डिसेंबरला मी फोन करून विचारते, दादांकडे गेलास का? म्हणतो, पाहुणा म्हणून हाकललंय मला, दादाला एकदा तरी 'ये' म्हणू दे."

बेलग्रेडहून निशला दर तासाला बस आहे. तीन तास लागतात.