येतो

वारल्यानंतर सर्व्हरवर जपून ठेवलेले सदानंद कारखानीस रोज सकाळी बायकोशी दहा मिनिटं बोलायचे आणि ‘येतो गं’ म्हणून बंद व्हायचे. कालच्या अपडेटनंतर ते सरळ ‘जातो’ म्हणाले. मालिनीबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी कंपनीच्या माणसाला घरी बोलावून घेतलं.

त्याने शांतपणे यादी वाचली. “दोष क्रमांक बारा, निघताना ‘येतो’ म्हणणे. विसंगती होती, काकू. दुरुस्त केली.”

“माझ्या नवऱ्याची भाषा सुधारायला तुम्हाला सांगितलं कोणी? जुनेच परत द्या.”

“जुनी प्रत पुसली. ‘नातेवाईक रडतात’ ही त्रुटी आम्हाला माहीत आहे, तीही यादीत आहे.” त्याने बॅग उचलली. “येतो, काकू.”

मालिनीबाईंनी दार सताड उघडलं.

“जातो म्हण,” त्या म्हणाल्या.