वालाचं साल

काळुरामच्या खडवलीला दिलेल्या लेकीला, दिशाला, मुलगी झाली ते २०२४ साल. त्या श्रावणात काळुराम घरातल्या माशांच्या टाकीच्या काचेला नाक लावून उभा होता. शेवाळ पुन्हा वाढलं होतं.

चार दिवसांपूर्वीच त्याने जुन्या टूथब्रशने एकेक दगड घासला होता. आता त्याच दगडांवर बोटभर लांब हिरवे केस डोलत होते. जांभळं पोवळं अर्धं झाकून गेलं होतं.

"कल्पिता, टाकीत काय टाकलंस काय गो?"

"नाही बाबा. मी हातपण नाही लावत." सून ओट्याकडे बघतच म्हणाली.

टाकी दिपेशची. मुलगा जहाजावर नोकरीला. मार्चमध्ये निघताना मानपाड्याच्या या फ्लॅटच्या दारात म्हणाला होता, "बाबा, दिवाळीला येतो. तोवर माझं पोवळं जगवा. खारं पाणी तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

काळुरामची अर्धी हयात मिठागरात गेली होती. मुलाचं ते बोलणं त्याने जपून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये त्याची बायपास झाली, पण घरी आल्या दिवसापासून त्याने टाकी सोडली नाही. मीठ कालवलं की आधी पाणी जिभेला लावायचा, मग खारेपणा मोजायची नळी बुडवायचा. नळीचं आणि जिभेचं कधी भांडण झालं नाही.

शेवाळाचं मात्र कळेना. दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला. माशांचं खाणं चिमटीवर आणलं. पाणी बदललं. शेवाळ खाणारे शंख आणून सोडले. शेवाळ हटायचं, आणि महिना भरत आला की परत उसळायचं.

टेंभी नाक्याजवळच्या माशांच्या दुकानात श्रीपादने त्याच्या बाटलीतल्या पाण्यात थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं.

"काका, फॉस्फेट बघा केवढं! कुणीतरी खायला टाकतंय. अन्न सडल्याशिवाय एवढं चढत नाही."

"घरात आमी तिघंच."

"मग तिघांतलंच कुणीतरी!" श्रीपाद हसला. काळुराम हसला नाही.

घरी येऊन त्याने पंपाचा स्पंज पिळला. तळहातावर वालाचं साल आलं.

घरात वालाचं बिरडं आवडीने खाणारा एकटा दिपेश. तो नसताना वाल सोलतंय कोण, आणि कशाला?

साठी उलटल्यावर अक्षरं शिकलेला काळुराम शेवाळ उसळलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने खूण करायचा. आता त्याने पानं मागे उलटली. ऑगस्ट, जुलै, जून, मे. प्रत्येक हिरवी खूण काळ्या गोळ्यानंतर तीन-चार दिवसांनी. अमावास्या.

करणी? दिपेशच्या टाकीवर?

मग एकेक आठवायला लागलं. दिशाच्या मुलीचं बारसं कल्पितानेच पुढे ढकलायला लावलं, बाबांना उन्हाचा प्रवास नको म्हणून. यंदा गणपती आणायचा नाही, हेही तिनेच जाहीर केलं. म्हणे, तुम्हाला दगदग होईल. कधीकधी तिच्या गळ्यात मंगळसूत्र नसायचं. सासऱ्याची चाहूल लागली की आत जाऊन घालून यायची. दिपेशचा फोन येत नव्हता, जहाजावर रेंज नाही म्हणे. मेसेज यायचे ते तिच्याच मोबाइलवर, आणि वाचून दाखवायची तीच. एकदा काळुरामने मोबाइल हातात मागून घेतला, तर मराठी बोलणं सगळं इंग्रजी अक्षरांत.

"आवडे, ही पोरगी आपल्यापासून कायतरी लपवते," तो बायकोला म्हणाला.

आवडाबाई तांदूळ निवडत होती. "तुमाला दुसरं काम नाय. जा, शेवाळ बघा तुमचं."

"शेवाळच सांगतंय मना."

तिचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

दोन सप्टेंबरला सोमवारी अमावास्या आली. सकाळपासून घरात वालाचा वास होता. कल्पिताने काळुरामला साडेअकरालाच वाढलं. ताटात बिरडं नव्हतं.

जेवणावरच्या गोळीने त्याला झोप यायची. त्या दिवशी त्याने ती गालात धरली, आणि खोलीचं दार बोटभर उघडं ठेवून आडवा झाला.

बाराच्या सुमारास कल्पिता केळीचं पान घेऊन टाकीपाशी आली. पानावर भात, भाकरी, बिरडं.

पकडली हिला, असं मनात म्हणून तो उठणार, तोच तिच्यामागून आवडाबाई आली. भिंतीला धरत, गुडघे सांभाळत. कल्पिताने तिला स्टूल सरकवलं आणि टाकीचं झाकण बाजूला केलं.

आवडाबाईने भाकरीत बिरडं घेतलं, घास केला आणि खाऱ्या पाण्यात सोडला. एक. दोन. तीन. मग तांब्यातलं पाणी हातावर घेऊन अंगठ्याच्या बाजूने टाकीत सोडलं. कल्पिताने काचेला डोकं टेकलं.

काळुरामने असं पाणी दोनदा सोडलं होतं. एकदा बापाला, एकदा आईला.

तो उठला नाही. गालातली गोळी त्याने चावून गिळली.

चार वाजता कल्पिता चहा घेऊन आली. मंगळसूत्र गळ्यात होतं.

"दिपेशचा मेसेज आला काय गो?"

"हो बाबा." तिने मोबाइल समोर धरला. "विचारतोय, शेवाळ गेलं का?"

काळुरामने कप बशीत ठेवला. "त्याला सांग, बाबा आता घासत नाय. ऱ्हाऊ दे म्हणाले." मग टाकीकडे बघत त्याने विचारलं, "तू जेवलीस काय?"

दिपेश आठ एप्रिल २०२४ ला, सोमवारी, अमावास्येच्या दिवशी, जहाजावरून समुद्रात पडून गेला होता. काळुरामच्या ऑपरेशनला तेव्हा दोन दिवस झाले होते.