तिसऱ्या क्रमाचा विकलज

नव्या लाँचची चाचणी फेरी प्रवासी घेऊन रेवसहून सुटली, तेव्हा तिच्या तोलाचं गणित करणारी निवेदिता अलिबागला संगणकासमोर बसली होती. वारा, लाट, गर्दी वेगवेगळी तपासली तेव्हा धोका दिसला नव्हता. तिन्हींचा एकत्रित, तिसऱ्या क्रमाचा विकलज, म्हणजे तिन्ही एकदम थोडे बदलले तर त्यांच्या एकत्र येण्याने तोल आणखी किती ढळेल तो दर, तिचा प्रोग्राम प्रथमच काढत होता. प्रत्येक पायरीचं आपोआप, नेमकं विकलन होत गेलं आणि आलेला आकडा प्रचंड होता. तिने लाँचवरच्या भावाला, सलिलला, फोन लावला. “लोक कुठे आहेत?” “डावीकडे. डॉल्फिन दिसलेत, सगळे फोटो काढतायत.” “सगळ्यांना मधे बसव! थोडा वारा आला तरी लाँच उलटेल!” फोनमधून सलिलचा ओरडा आला, मग किंकाळ्या, मग फक्त पाण्याचा आवाज. ती त्याला हाका मारत राहिली. अखेर तो म्हणाला, “बसलेत सगळे, ताई. लाँच कलून पाणी आत आलं, चपला तेवढ्या वाहून गेल्या.”