सासूबाईंचं कपाट

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, “जरा हळू, त्याचा एक पाय लुळा आहे.” हमालांनी ते तिरकं केलं आणि त्याची पाठ उजेडात आली. फळ्यांवर काळीहिरवी बुरशी नुसती माजली होती. कुबट वास जिनाभर पसरला.

“बघितलंस?” सूनबाई नवऱ्याला म्हणाली. नवरा बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावर भोंगा वाजवणारा हा माणूस घरात हूं की चूं करायचा नाही. त्याने मान हलवली.

सगळं सुरू झालं ते ठकूच्या खोकल्यापासून. लेकीला थंडीच्या तोंडाशी साधी सर्दी झाली. आठ दिवसांत जायची, ती मुक्कामालाच राहिली. पहाटे पोर खोकून खोकून लाल व्हायची आणि छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का, कुठे बुरशी धरलीय का? तिचे कण श्वासाबरोबर आत जातात आणि लहान पोरांची छाती धरते. सूनबाईला ते झोंबलं. पोस्टाच्या खिडकीवर दिवसभर शिक्के मारून आल्यावरही ती फरशी अशी पुसायची की माशी बसली तर घसरावी. तिच्या घरात बुरशी? घरी येऊन तिने एकेक वस्तू सरकवली, आणि कपाटामागे चोर सापडला.

ते कपाट सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. ते गेल्यावर सासूबाई इकडे राहायला आल्या, त्या कपाटासकट. खोकलाही त्याच सुमाराचा. मग शंका कसली उरते?

तशा सासूबाईंचा जाच काहीच नव्हता. पण मदतीला जायच्या आणि काहीतरी घोटाळा करून ठेवायच्या. लोकरीचा स्वेटर त्यांनी उकळत्या पाण्यात टाकला, तो ठकूच्या बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला. ठकूच्या उशाशी गार वाफ सोडणारं मशीन असायचं. त्याच सर्दीत नाक मोकळं राहावं म्हणून सूनबाईने स्वतःच्या पगारातून आणलेलं. ठकू त्याला ‘ढगोबा’ म्हणायची. सूनबाई रोज संध्याकाळी त्यात वरून पाणी ओतायची, तेही उकळून गार केलेलं. एकदा सासूबाई ते धुवायला उचलून मोरीकडे निघाल्या.

“आई, विजेची वस्तू आहे ती. हात लावत जाऊ नका,” सूनबाई म्हणाली. त्यानंतर सासूबाईंनी घरात कशालाच हात लावला नाही.

कपाट जाणार म्हटल्यावर, मीही लेकीकडे जाते, असं त्या आपणहूनच म्हणाल्या. राहा असं कुणी म्हटलं नाही.

टेंपो खाली उभा होता. नणंदेच्या घराच्या वाटेवर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ढगोबाचं बटण नेमकं तेव्हाच बिघडलेलं. तेवढं वाटेत टाका, म्हणून सूनबाईने ते सासूबाईंच्या हाती दिलं. मागे आदळेल म्हणून त्या ते मांडीवर घेऊन बसल्या. ठकू खिडकीतून हात हलवत राहिली आणि मग खूप रडली.

आठवडा उलटला आणि खोकला ओसरला. महिना व्हायच्या आत पोर जिन्यावर उड्या मारायला लागली. सूनबाई भेटेल त्याला सांगायची, कपाट गेलं आणि खोकला गेला. नणंदेलाही तिने फोनवर तेच सांगितलं. तिकडे सासूबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून कपाट फोडून टाकलं. पोरीच्या जिवापुढे लाकडाचं काय, म्हणाल्या. हे कळल्यावर नवरा त्या दिवशी जेवला नाही.

मग एका रविवारी सासूबाई नातीला भेटायला आल्या. येताना दुकानातून ढगोबाही घेऊन आल्या. ठकू दिवसभर त्यांच्या शालीत शिरून बसली होती. संध्याकाळी त्या परत गेल्या. थंडी अजून सरली नव्हती, म्हणून सूनबाईने मशीन पुन्हा उशाशी लावलं. हो, विषाची परीक्षा कशाला?

त्याच आठवड्यात खोकला परत आला. सूनबाईने फोन केला.

“आई, रागावू नका. तुमच्या शालीला अजून त्या कपाटाचा वास आहे. काही दिवस येऊ नका.”



“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “पोर बरी झाली की कळव.”

पोर बरी झाली नाही. सूनबाईने कपाटामागची भिंत खरवडली, रंगवली, पडदे धुतले, गादी बदलली. मशीन उशाच्या आणखी जवळ ओढलं. एका सकाळी ठकूचे ओठ निळे पडले आणि तिला दवाखान्यात हलवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, “बुरशी अजून घरातच आहे. शोधा. असंच चाललं तर हिची छाती कायमची अधू होईल.”

“होती ती घराबाहेर काढली, डॉक्टर,” सूनबाई म्हणाली.

दुपारी ती कपडे न्यायला घरी आली. ठकूने मास्कमधूनच ढगोबा मागितला होता. पिशवीत पाणी सांडायला नको म्हणून सूनबाईने मशीन मोरीत उपडं केलं. तरी आत काहीतरी हिंदकळत होतं. तिने बुडाचं झाकण फिरवलं. आणल्यापासून तिने ते कधीच उघडलं नव्हतं. ते घट्ट बसलं होतं, मग एकदम सुटलं.

आत काळीहिरवी, बुळबुळीत साय बोटभर जाड धरली होती. वास ओळखीचा होता.

ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. कपाट गेलं त्या दिवशी हेही घराबाहेर गेलं होतं, सासूबाईंच्या मांडीवर. आणि ज्या रविवारी त्या आल्या, त्या रविवारी त्यांच्याच हातून परत आलं होतं.